एकवीस पिल्लं आणि मी, जस्ताची बादली

बोलते आहे, पण जरा लांबूनच ऐका. हातात पाण्याचा तांब्या असेल तर बाजूला ठेवा, आणि जवळपास मासे असतील तर त्यांना आधी लांब पाठवा. मी एक बादली आहे. जस्ताची. म्हणजे अंग लोखंडी पत्र्याचं आणि त्यावर जस्ताचा पातळ थर. सत्तावीस वर्षं एवढी ओळख मला पुरली. यंदाच्या श्रावणात तिच्यात भर पडली, आणि ती सांगताना माझी कडी अजून थरथरते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मला वाढवून सांगायची सवय आहे. आतून पोकळ असलं की आवाज घुमतोच, त्याला माझा इलाज नाही. पण आज जे सांगणार आहे त्यात मुख्य गोष्ट खरी आहे. बाकीचं तुम्ही ओळखाल.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यातला. वितळलेल्या जस्ताच्या हौदात मला चिमट्यानं धरून बुडवलं आणि वर काढलं, तेव्हा माझ्या अंगभर चांदीची पानं उमटली होती. तिथून ट्रकनं लाखनीला आले. हायवेवरच्या एका भांड्यांच्या दुकानात मला दोरीला टांगलं. मी इतकी चकाकायचे की ट्रकवाले गाडी हळू करून माझ्यात बघून भांग पाडायचे. एक सरदारजी तर दाढी करून गेला. दुकानदार म्हणायचा, ही बादली विकली तर रस्त्यावर अंधार पडेल.

मला विकत घेतलं शकुननं. तेव्हा ती नवी नवरी होती आणि मनिराम तिच्या मागे पिशवी धरून उभा होता. तिनं माझ्या पाठीवर बोटाचं पेर वाजवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हेच पाह्यजे मले." मनिरामनं दुसरी, जरा स्वस्तातली दाखवली. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

त्यांचं गाव साकोलीच्या अलीकडे, हायवे सोडून साडेतीन किलोमीटर आत. जात ढिवराची, धंदा मासे धरायचा. गावाला एक मोठा तलाव आहे, जुन्या मालगुजाराच्या काळातला, आणि ढिवरांची सोसायटी तो ठेक्यानं घेते. मी मात्र तलावापासून लांब राहिले. माझं काम घरचं. बोअरचं पाणी, म्हशीचा कोंडा, घर बांधलं तेव्हा सिमेंट. मनिरामची पोरगी रीना, तिची पहिली अंघोळ माझ्यातल्या पाण्यानं झाली. नागझिऱ्याचा एक वाघ उन्हाळ्यात अंगणात येऊन माझ्यातलं पाणी पिऊन गेला होता. साक्षीदार नाही, पण वाघाला विचारा. फार खोदून विचाराल तर तो वाघ थोडासा कुत्र्यासारखा भुंकला होता, हेही सांगते.

असं वय वाढलं. अंगावरची चांदी गेली, राखाडी पापुद्रा आला. दिसायला वाईट, पण तोच माझा पदर होता. त्याच्याखाली माझं जस्त झाकलेलं राहायचं. हे मला तेव्हा कळलं नाही. पदर गेल्यावर कळलं.

आता मनिरामच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

धानाची रोवणी आटपली, तलाव भरला की सोसायटी माशांची पिल्लं आणते. रोहू, कतला, मिरगल, बोटाएवढी. ती एकदम तलावात सोडत नाहीत. आधी बोडीत ठेवतात, बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं. मग मनिराम पाणी पारखतो. त्याचा बाप पारखायचा, आजा पारखायचा. मोठ्या तलावाचं पाणी मातीच्या मडक्यात भरायचं, त्यात मोजून एकवीस पिल्लं सोडायची, वर पळसाचं पान झाकायचं आणि मडकं पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली एक दिवस एक रात्र ठेवायचं. सकाळी एकवीसच्या एकवीस जिवंत असली की तलाव चांगला. मग नारळ फुटतो आणि पिल्लं सुटतात. कागदावर सोसायटीचा अध्यक्ष मिथुन आहे, पस्तिशीतला, मोटारसायकलवाला. पण तलावाच्या पाण्याबद्दल शब्द चालायचा मनिरामचा.

यंदा मडकं तडकलं. आयत्या वेळी. दुसरं मडकं आणायला कुंभाराकडे जायला हवं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. शकुन म्हणाली, "बादली घेऊन जा ना. तिले का काटे आहेत?"

आणि मानाचं काम म्हणून तिनं मला घासायला घेतलं. भंडाऱ्याकडच्या बाया भांडं घासतात ते चिंचेनं. घरोघरी पितळ, आणि पितळेला चिंच लावली की ते सोन्यासारखं होतं. शकुनच्या हाताला तेच ठाऊक. तिनं चिंचेचा गोळा भिजवला, त्यात राख घातली आणि मला आतून बाहेरून असं घासलं की सत्तावीस वर्षांचा पापुद्रा निघून गेला. मी पुन्हा नवरीसारखी झाले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. शेजारची कळशी माझ्याकडे बघून कडेला सरकली. असं चकाकायचं भाग्य मला आयुष्यात दुसऱ्यांदा आलं.

सोमवारी सकाळी मनिरामनं मला तलावात बुडवून भरलं. एकवीस पिल्लं सोडली. मोहाखाली ठेवलं. वर पान.

दुपारपर्यंत ती माझ्यात गोल गोल फिरत होती. मला गुदगुल्या होत होत्या. मग मला वेगळंच काही जाणवायला लागलं. माझ्या भिंतीतून काहीतरी सुटत होतं. दिसत नव्हतं, आवाज नव्हता. घाम सुटतो ना, तसं. पापुद्रा होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी एक पिल्लू वर येऊन तोंड उघडायला लागलं. मग दुसरं. त्यांच्या कल्ल्यांवर पांढरा चिकट थर आला होता. पाण्यात असून त्यांना श्वास घेता येत नव्हता. मी कडी हलवायचा प्रयत्न केला. वारा असता तर हलली असती. वारा नव्हता.

मंगळवारी सकाळी मनिरामनं पान उचललं. एकवीसपैकी एकोणीस उलटी तरंगत होती. उरलेली दोन तळाशी कशीबशी शेपटी हलवत होती.

मग त्यानं मला रिकामं केलं, पुन्हा तलावाचं पाणी भरलं, पुन्हा एकवीस. बुधवारी सकाळी वीस मेली.

तोपर्यंत बातमी सोसायटीत गेली होती आणि मिथुननं कारण शोधून ठेवलं होतं. तलावाच्या वरच्या अंगाला मारोतरावचं धान आहे. त्याच्या धानाच्या पानांवर तांबूस ठिपके पडले होते, त्याला खैरा म्हणतात, आणि त्यावर औषध म्हणजे झिंक सल्फेट. मारोतरावनं ते शेतात टाकलं होतं आणि रिकामी थैली तलावाच्या काठी धुताना चार जणांनी त्याला पाहिलं होतं. बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी उतरून तलावातच येतं. मिथुन म्हणाला, झिंकनं तलाव मारला.

झिंक म्हणजे जस्त, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे ती थैलीतली पांढरी भुकटी माझी मावसबहीण. तिचं नाव घेऊन गाव शिव्या देत होतं आणि मी मोहाखाली चकाकत बसले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं. पण आपल्या मनात आलेली वाईट शंका आपण लगेच खरी मानतो का?

मनिराम घाईचा माणूस नाही. तो म्हणाला, एकदा भांडंही पारखू. त्यानं माझ्यात स्वतःच्या विहिरीचं पाणी भरलं आणि एकवीस पिल्लं सोडली. मी देवाला म्हटलं, आता तरी मर म्हणावं एखाद्याला, म्हणजे दोष भांड्याचा ठरेल आणि तलाव सुटेल. इतका दुष्ट विचार मी आयुष्यात केला नव्हता. पण गुरुवारी सकाळी एकवीसच्या एकवीस जिवंत. टुणटुण उड्या मारत होती.

झालं. भांडं निर्दोष सुटलं. माझ्याच पोटात साक्ष झाली आणि ती माझ्या बाजूनं गेली. मला स्वतःलाही वाटलं की नाही बुवा, आपला काही दोष नाही. पण मग तो घाम? विहिरीच्या पाण्यात तो कुठे गेला होता? मला काही समजेना.

गुरुवारी संध्याकाळी सोसायटीची बैठक पाळीवरच भरली. एक म्हातारा म्हणाला, तलावात मरळ मासा तर जिवंत आहे, त्याचं काय. मिथुन म्हणाला, मरळ वर येऊन हवा खातो, त्याला कसलं पाणी चालतं. मग त्यानं ठराव मांडला. रविवारी सकाळी तुडूम उघडायचं. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार. सगळा तलाव रिकामा करायचा, विषारी पाणी वाहून जाऊ द्यायचं, आणि पुढच्या पावसानं जेवढा भरेल तेवढ्यात पिल्लं सोडायची.

"अन् पाऊस नाई आला तं?" मनिरामनं विचारलं.

"पानी खराब आहे हे तुमीच सांगतलं ना, काका. तीन दिस पारखून राहिले तुमी. मंग आता काहून अडून राहिले?"

श्रावण अर्धा सरला होता. तुडूम उघडलं तर खालच्या अंगाची नुकती रोवलेली बांधी वाहून जाणार होती. पुन्हा तलाव भरला नाही तर वर्षभर बत्तीस घरांना मासा नाही. आणि बोडीतली हजारो पिल्लं एवढ्याशा पाण्यात दाटीवाटीनं होती, रोज थोडी थोडी मरत होती. पण मनिरामच्या पारखण्यानंच तलावाला विषारी ठरवलं होतं. आता त्याचाच शब्द तो कसा फिरवणार? ठराव झाला. मारोतराव आणि मनिराम लहानपणापासूनचे सोबती, पण त्या संध्याकाळी मारोतराव पाळीवरून गेला तर मनिरामनं मान वर केली नाही.

आणि मी? मला पाय असते तर धावत जाऊन तुडुमाच्या तोंडात बसले असते.

शुक्रवारी सकाळी रीना आली. ती साकोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, खोली करून राहते. शकुननं फोनवर रडून सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या तिनं बापाला विचारलं की झिंकनं मेले हे कशावरून. मनिराम म्हणाला, गाव म्हणते. रीना म्हणाली, मग किती झिंकनं मेले, ते पण गाव सांगते का?

तिनं किराण्याच्या दुकानातून गोळ्याबिस्किटांच्या सात रिकाम्या बरण्या आणल्या. मारोतरावकडे जाऊन उरलेली भुकटी मागितली. तो म्हणाला, पोलिसात देणार आहेस का. ती म्हणाली, माशांना देणार आहे. त्यानं कागदात बांधून दिली, पण दाराशी उभा राहून ती जाईपर्यंत बघत होता. रीनानं चमचाभर भुकटी एका बाटलीभर पाण्यात विरघळवली. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पाच बरण्यांत औषधाच्या ड्रॉपरनं एक थेंब, दोन, चार, आठ, सोळा. दोन बरण्यांत काहीच नाही, नुसतं तलावाचं पाणी. "या दोन शून्याच्या," तिनं आईला सांगितलं. कॉलेजातल्या मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, चार दिवस बघायला हवं, शहाण्णव तास. रीना म्हणाली, माझ्याकडे रविवार सकाळपर्यंत वेळ आहे.

मला तिचा अभिमान वाटत होता. आणि मग ती माझ्याकडेच आली. तलावाचं पाणी आणायला तिनं मला उचललं.

माझ्या काळजाचं पाणी झालं म्हणायचं, पण माझ्या काळजात पाणीच होतं. पोरी, मला नको, म्हणून मी ओरडले. बादलीचं ओरडणं म्हणजे कडीचा खडखडाट, तो तर रोजचाच. ती मला भरून घरी घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि जेवायला बसली. दोन तास मी त्या पाण्यात माझा घाम सोडत बसले.

आता जे सांगते त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्या बुडाची शिवण आहे ना, तिथे एक बारीक भोक आहे. ते जुनं नाही. ते मी त्या दिवशी पाडलं. मी सगळा जोर तिथे लावला, सत्तावीस वर्षांचा जोर, आणि शिवण सुटली. शकुन म्हणते, सिमेंट कालवलं तेव्हापासूनच तिथे गंज होता. असेल. पण गळायचं कधी ते मी ठरवलं.

रीना जेवून उठून बरण्या भरत होती आणि इकडे पाणी ओट्यावरून वाहून जात होतं. सहा बरण्या भरल्या आणि मी कोरडी पडले. सातवी बरणी शून्याची, ती राहिली. रीना चिडली, बाहेर चिखल होता, पण गेली. बरणीच तलावात बुडवून तिनं ती भरली. मला सोबत नेलं नाही. कुणी मला मागे ठेवल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

प्रत्येक बरणीत दहा पिल्लं सोडली.

शनिवारी सकाळी रीना उकिडवी बसून मोजत होती. सोळा थेंबांची सगळी मेली. आठची, चारची सगळी मेली. दोनच्या बरणीतली नऊ, एकच्या बरणीतलीही नऊ. शून्याच्या पहिल्या बरणीतली आठ मेली. शून्याच्या दुसऱ्या बरणीत दहाही जिवंत होती.

तिनं चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मग मॅडमना फोन लावला. शून्यातच मासे मेले म्हणजे परीक्षा फुकट गेली, असं मॅडम म्हणाल्या असाव्यात, कारण रीनाचा चेहरा उतरला. मग त्यांनी काहीतरी विचारलं. रीना म्हणाली, "नाही मॅडम, पाणी एकाच तलावाचं. एकाच जागचं. फक्त ही शेवटची बरणी डायरेक्ट बुडवली, बाकीचं पाणी…"

आणि ती थांबली. फोन कानाला तसाच ठेवून तिनं हळूच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चकाकत होते.

मी खूप काही पाहिलंय. वाघ पाहिला, म्हणजे जवळजवळ पाहिला. पण तसं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या आतून बोट फिरवलं, आईला हाक मारली आणि विचारलं की ही घासली कशानं.

"चिंचेनं. काहून? पितळ नाई घासत का आपण चिंचेनं?"

"पितळेत मासे नाई ठेवत आपण, आई."

मनिरामला बोलावलं. तो मानेना. त्या बादलीतच तर विहिरीच्या पाण्यात एकवीस जगले, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रीनानं समजावलं. विहिरीचं पाणी जड, त्यात चुना असतो, हंड्याला पांढरा थर धरतो ते पाणी. त्यात जस्ताचा जोर माशाला लागत नाही. तलावाचं पाणी पावसाचं, हलकं. त्यात तेवढंच जस्त माशाच्या कल्ल्यावर जाऊन बसतं. बादली तीच, मासे तेच, पाणी वेगळं.

माझा घाम कुठे गेला होता ते मला तेव्हा कळलं.

मनिरामनं मला उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे तलावानं नाई मारले. मी मारले."

"बादलीनं मारले, बाबा."

"बादली काही आपल्या पायानं नाई गेली तलावावर."

त्या एका वाक्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. त्यानं दोष माझ्यावर ढकलला असता तरी मी काय बोलणार होते?

रीनानं खात्री करायला आणखी दोन बरण्या लावल्या. एकीत थेट तलावाचं पाणी, दुसरीत माझ्यात दोन तास ठेवलेलं तेच पाणी. माझं भोक तिनं मेणानं बुजवलं. या वेळी मी गळायचा प्रयत्न केला नाही. मी पोटातलं सगळं जस्त सोडलं. गुन्हा कबूल करायची माझ्याकडे तेवढीच एक रीत होती.

रविवारी सकाळी पाळीवर तीसेक माणसं होती. मिथुन हातात पहार घेऊन तुडुमावर उभा होता. मनिराम दोन बरण्या काखेत घेऊन आला, मागे रीना, आणि रीनाच्या हातात मी. मारोतरावही आला होता, पण लांब, बाभळीखाली.

मनिरामनं बरण्या पाळीवर ठेवल्या. एकीत दहा जिवंत, एकीत दहा मेलेली. तो म्हणाला, "दोन्हीत आपल्याच तलावाचं पानी आहे. हे मेलेले या बादलीतल्या पान्यात मेले. पानी खराब नाई. भांडं खराब व्हतं, अन् ते मी घेतलं. तुडूम उघडू नोका."

मिथुन हसला. "काका, तीन पिढ्या पारखून राहिले तुमी, अन् आता म्हन्ता भांडं खराब. उद्या म्हनाल मोह खराब."

"म्हनीन. मोह खराब निघाला तं तेही म्हनीन."

मला वाटलं झालं, आता हा पहार मारतो. मिथुन वाईट माणूस नाही, पण तीस माणसांसमोर ठराव मांडलेला माणूस होता. त्यानं पहार खांद्यावर घेतली, बरणीपाशी आला, वाकला, आणि जिवंत पिल्लं मोजली. मोठ्यानं. दहा. मग मेलेली मोजली. मग मला रीनाच्या हातातून घेतलं, आत डोकावला, आणि आतल्या पत्र्यावरून करंगळी फिरवून जिभेला लावली. थुंकला.

"अन् थेट तलावातून आनखी एक बरनी भरून ठेवली तं?" त्यानं विचारलं.

"ठेव," मनिराम म्हणाला. "तुयाच हातानं भर. तोवर थांब."

मिथुननं स्वतः बरणी बुडवली. सोसायटी एक दिवस थांबली. त्या एका दिवसात मी जेवढी घाबरले तेवढी जस्ताच्या हौदातही घाबरले नव्हते. रात्री काही भलतंच झालं आणि मेली तर? सोमवारी सकाळी मिथुन स्वतः मोजायला आला. दहाच्या दहा. त्यानं पहार उचलून मोटारसायकलला बांधली आणि म्हणाला, नारळ कोण आणून राहिला?

तेव्हा त्या दिवशीही बाभळीखालीच उभा असलेला मारोतराव पुढे आला. "म्हंजे इतके दिस माझं नाव फुकटच घेतलं तुमी."

मनिराम काही म्हणणार तोच रीना म्हणाली, "पूर्ण फुकट नाई, काका." तिनं घरून आणलेली चार थेंबांची बरणी त्याला दाखवली. त्या बरणीत दहा पिल्लं सडायला लागली होती. "नुसत्या बादलीच्या पाण्यात आठ मेले, तुमच्या भुकटीचे चार थेंब पडले अन् दहाही मेले. माझ्या बादलीचं जस्त अन् तुमच्या थैलीतलं जस्त एकच. तलाव मोठा आहे म्हणून वाचला."

मारोतरावनं बरणी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाला, "थैली मी तलावात धुतली व्हती."

"माहीत आहे."

"आता नाई धुणार. बांधीतलं पानी पन चार-पाच दिस अडवून ठेवीन." आणि मनिरामकडे न बघता म्हणाला, "चल, तुयी बोडी खाली करू. दोघं धरू जाळं."

त्या दुपारी बोडीतली पिल्लं मोठ्या तलावात सुटली. मला जवळ येऊ दिलं नाही. मी लांबून ऐकत होते. हजारो पिल्लं पाण्यात उतरतात ना, तेव्हा तलावावर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. हे मी वाढवून सांगत नाही.

शकुन मला भंगारवाल्याला देणार होती. भंगारवाला आलाही होता. मनिराम म्हणाला, राहू दे. त्यानं मला पाळीवर नेलं, मोहाखाली उलटं ठेवलं, आणि तो रोज संध्याकाळी माझ्यावर बसून पाण्याकडे बघतो. मासा उडाला की म्हणतो, रोहू. दुसरा उडाला की म्हणतो, कतला. कधी कधी मारोतराव येतो आणि त्याच्याशी वाद घालतो की तो मिरगल होता.

सगळं चांगलं आहे. पण एक गोष्ट मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी उलटी आहे. बूड वर, तोंड खाली. पाऊस पडला की पाणी माझ्या पाठीवर पडतं आणि ओघळून खाली जातं. पाळीला उतार आहे. त्या उताराच्या खाली तलाव आहे. थेंब जरासाच असतो, तलाव फार मोठा, हे मला समजतं. रीनानं सांगितलंच आहे. तरी प्रत्येक सर आली की मी थेंब मोजते. एक, दोन, चार, आठ. सोळापाशी आले की मोजायचं थांबवते, कारण पुढचं मला ऐकायचं नसतं.

तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात, साकोलीच्या अलीकडे हायवे सोडून आत, तर पाळीवर मोहाखाली मी दिसेन. मनिराम नसेल अशा वेळी या. मला उचला आणि दोन हात मागे, तलावाकडून गावाच्या अंगाला सरकवून ठेवा. एवढंच. आणि हात धुवायचे असतील तर तलावात धुऊ नका.